टिफरॅकबाईंचा स्वभाव

संगणकाला माणसाचे रूप द्यायचे म्हटले की चौकोनी डोके, दिव्यांचे डोळे आणि छातीवर बटणे काढून बहुतेक जण मोकळे होतात. मला हा आळशीपणा वाटतो, कारण त्यात यंत्राचा सांगाडा येतो, पण स्वभाव येत नाही. म्हणूनच माझ्या कथामालेची नायिका म्हणून टिफरॅक या भारतात घडलेल्या जुन्या संगणकाची निवड केली तेव्हा एक नियम घालून घेतला, की नायिकेची प्रत्येक लकब त्या यंत्राच्या घडणीतूनच आली पाहिजे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली हा संगणक घडला आणि १९६० मध्ये रीतसर कामाला लागला. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर तापणाऱ्या काचेच्या निर्वात नळ्या, होत्या. इतके व्हॉल्व्ह एकदम तापणार म्हणजे नायिका उष्ण प्रकृतीची, वातानुकूलित खोलीचा उंबरठा न ओलांडणारी आणि एखादा व्हॉल्व्ह गेला की बोलता बोलता मध्येच थांबणारी झाली. इथवर काम सोपे होते.

खरी मौज तिच्या स्मरणशक्तीत आहे. टिफरॅकच्या स्मृतीत ४० अंकी २,०४८ ‘शब्द’, म्हणजे शून्य आणि एक या अंकांचे गट, मावत, आणि प्रत्येक अंकासाठी फेराइट या चुंबकीय पदार्थाची एक बारीक कडी तारांत ओवलेली असे. म्हणजे हिशेबाने ८१,९२० कड्या. कडीचे चुंबकत्व एका दिशेला असेल तर शून्य आणि उलट दिशेला असेल तर एक. मात्र कडीत काय आहे हे पाहायचे तर तिला शून्याकडे ढकलूनच पाहावे लागते, त्यामुळे वाचताक्षणी मूळ नोंद पुसली जाते आणि यंत्राला ती लगोलग पुन्हा लिहून ठेवावी लागते. हे सगळे सेकंदाच्या अगदी सूक्ष्म अंशात होत असल्याने बाहेरच्याला त्याचा पत्ताही लागत नाही. माझ्या नायिकेच्या बाबतीत मात्र ते ऐकू येते. तिला कोणी काही विचारले की ती उत्तर देते आणि लगेच तेच उत्तर ओठांतल्या ओठांत पुटपुटते, कारण पुटपुटली नाही तर ती गोष्ट तिच्या मनातून कायमची जाईल. तिच्याशी वैर असलेल्या पात्राला हे ठाऊक आहे, आणि तो उत्तर मिळताक्षणी मोठ्याने दुसरा प्रश्न विचारतो. उलट, वीज गेली तरी कड्यांमधले चुंबकत्व टिकते, त्यामुळे झोपेतून उठल्यावर तिला आदल्या दिवशीचे सगळे लख्ख आठवते.

तिचे बारसेही उशिराच झाले. टिफरॅक हे नाव पंडित नेहरूंनी १९६२ मध्ये दिले, म्हणजे कामाला लागल्यानंतर दोन वर्षांनी. तोवरच्या प्रकरणांत तिला सगळे नुसते ‘बाई’ म्हणतात आणि तिलाही त्यात काही उणे वाटत नाही.

वयाचा प्रश्न मात्र अवघड होता. ती कामाला लागली तेव्हा अमेरिकेत व्हॉल्व्हऐवजी चिमुकले ट्रान्झिस्टर वापरणारे संगणक बाजारात आलेले होते, त्यामुळे वयाने कोवळी असूनही ती आधीच्या पिढीतली ठरते. मी तिला विशीतली ठेवून नऊवारी नेसवली. काही मित्रांना हे विनोदी वाटले. मला वाटत नाही. तिला घडवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्यापूर्वी संगणक हाताळलेलाही नव्हता, आणि अशा घरातल्या मुलीने नवी फॅशन केली नाही म्हणून तिला हसण्याचे कारण नाही.

१९६४ मध्ये संस्थेत सीडीसी ३६०० हा अमेरिकी संगणक आला. इथे वाचकांना सवतीमत्सर अपेक्षित असेल, पण तो मी लिहिणार नाही. टिफरॅकशी बोलायचे तर तिच्याच आकडी भाषेत कागदी पट्टीवर छिद्रे पाडून न्यावी लागत. पाहुणीला फोर्ट्रान ही प्रोग्राम लिहिण्याची भाषा कळते, आणि ती आमच्या बाईंना येत नाही. दोघींना भांडायचे झाले तरी मध्ये दुभाषी लागेल. त्या कामासाठी दोन्ही भाषा जाणणारा एक तरुण प्रोग्रामर मी योजला असून पुढचे प्रकरण त्याच्यापासून सुरू होईल.