घोंगडीच्या लोकरीपासून कानातल्या डुलांपर्यंत : आमची वाटचाल

नमदा म्हणजे न विणता तयार झालेलं लोकरीचं कापड. सूत नाही, माग नाही. पिंजलेली लोकर थरांनी पसरायची, गरम साबणपाणी घालायचं आणि ती एकजीव होईपर्यंत चोळायची, लाटायची, दाबायची. बाजारात आता याला फेल्ट म्हणतात. जुन्या मराठीत बुरणूस हा शब्द होता, कोल्हापूरकडे जेन म्हणतात. घोंगडी विणणारे सणगर, तर नमदा करणारे बहुतेक पिंजारी. माल मात्र दोघांचा एकच, दख्खनी मेंढीची लोकर.

आमच्या उद्योगाची सुरुवातही याच लोकरीच्या आसनांपासून झाली. आज आम्ही कानातले डूल, माळा, ब्रोच, घरात घालायच्या सपाता, स्टोल, तोरणं आणि भिंतीवरची चित्रं करतो. या यादीतल्या सगळ्या वस्तूंना एकच लोकर चालत नाही, आणि ते कळायला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला.

मेंढीचा केस सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर त्यावर कौलांसारखे एकावर एक चढलेले खवले दिसतात, सगळे टोकाच्या दिशेने झुकलेले. गरम पाण्यात आणि साबणाच्या अल्कधर्मी फेसात तंतू फुगतो, खवले किंचित उचलले जातात. मग चोळताना तंतू मुळाकडच्या दिशेने सरकतो, पण खवले अडवत असल्याने माघारी फिरत नाही. असे लाखो तंतू एकमेकांत घुसले की नमदा बसतो. बारीक, मऊ, कुरळ्या तंतूत ही पकड लवकर येते. दख्खनी लोकर मात्र जाड, सरासरी ४० मायक्रॉनच्या वर (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि तिच्यातले बरेच केस आतून पोकळ आणि ताठ असतात. ती बसते, पण वेळ घेते आणि पूर्ण बसल्यावरही वर कुसळासारखी टोकं ठेवते.

ही टोकंच अंगाला टोचतात. तंतूची जाडी ३० मायक्रॉनच्या पुढे गेली की तो त्वचेवर वाकत नाही, सुईसारखा उभा राहतो. अशा जाड तंतूंचं प्रमाण कापडात शेकडा ५ च्या वर गेलं तरी बहुतेकांना खाज जाणवते. सुरुवातीला आम्ही दख्खनी लोकरीचे स्टोल केले, जास्त धुतले, तेल लावलं, कंडिशनरमध्ये भिजवले. मऊपणा दोन दिवस टिकायचा. यावर उपाय नाही. गळ्याशी येणाऱ्या वस्तूला ही लोकर वापरायची नाही, एवढंच.

अपवाद जावळाचा. कोकराच्या पहिल्या कातरणीची ही लोकर बरीच मऊ असते आणि जावळाच्या घोंगडीला म्हणूनच मान असतो. पण एका कोकराची मूठभर मिळते, आणि घोंगडीवालेही तिच्यासाठी थांबलेले असतात. आम्ही ती फक्त टोप्यांच्या आतल्या थराला वापरतो.

खरेदीबद्दल. दख्खनी मेंढ्या साधारण वर्षातून दोनदा कातरतात आणि एका मेंढीमागे वर्षाला अर्धा किलोच्या आसपास लोकर निघते. पावसाळ्यानंतरची कातरण आम्ही पसंत करतो, कारण ती स्वच्छ असते. उन्हाळ्याच्या तोंडावरच्या लोकरीत माती, गोखरू आणि कुसळं जास्त. मात्र भर पावसात वजनावर लोकर घेऊ नये. लोकर हवेतली ओल पिते. साध्या हवेत ती कोरड्या वजनाच्या १६ टक्के पाणी धरून असते, दमट हवेत हेच २५ टक्क्यांपर्यंत जातं आणि हाताला ती तरीही कोरडीच लागते. म्हणजे १० किलोच्या गाठोड्यात पाऊण किलो पाणी आपण लोकरीच्या भावाने घेतो. (भाव मुळात इतका कमी आहे की बऱ्याचदा कातरायची मजुरीही त्यातून सुटत नाही. मेंढपाळाशी घासाघीस करण्यापेक्षा वजनाचा दिवस नीट निवडावा.)

घरी आल्यावर पहिलं काम निवडीचं. पाठीवरची आणि खांद्यावरची लोकर वेगळी, मांड्या आणि पोटाखालची वेगळी. काळी, करडी, तपकिरी, पांढरी वेगवेगळी, कारण काळ्या लोकरीवर रंग चढत नाही आणि तिचा एक केस पिवळ्या डुलातून डोकावला तरी डूल बाद. मग धुणं. एक किलो लोकरीला २५ ते ३० लिटर पाणी, ५० अंशांच्या आसपास, थोडा सौम्य साबण. लोकर वरून अलगद दाबून बुडवायची आणि २० मिनिटं हात लावायचा नाही. ढवळली की टबातच नमदा होतो. दुसरं पाणी तितकंच गरम हवं. गरम पाण्यातून एकदम नळाच्या थंड पाण्यात टाकायची आणि पिळायची सवय असेल तर लोकरीच्या गाठी होतात आणि त्या पिंजणीत सुटत नाहीत.

पाणी हा आमचा मोठा धडा. दुष्काळी पट्ट्यात बोअरचं पाणी जड असतं. त्यात साबण फुटतो, फेस येत नाही, आणि दह्यासारखा चोथा तंतूंवर बसून खवले बुजवतो. माणूस आणखी साबण घालत जातो आणि नमदा आणखी चिकट होतो. आम्ही छपरावरचं पावसाचं पाणी साठवून नमद्यासाठी राखून ठेवतो. ते संपलं की रिठा. रिठ्याचा फेस जड पाण्यातही टिकतो, पण तो साबणाइतका निसरडा नसतो, म्हणून वरचे तंतू हाताबरोबर ओढले जातात. अशा वेळी वर जुनी मच्छरदाणी अंथरून तिच्यावरून चोळावं आणि दर दोन मिनिटांनी ती उचलावी, नाहीतर नमदा जाळीतच अडकतो.

आसन किंवा टेबलावरच्या चकत्या करायच्या तर दख्खनी लोकरीला तोड नाही. चकती दाट आणि ताठ होते, चहाचा कप उलटत नाही. एक मीटर लांब-रुंद आणि ५ मिलिमीटर जाड नमद्याला आम्हाला सव्वा किलोच्या आत लोकर लागते. पिंजून चार थर, पहिला उभा, दुसरा आडवा, असे आलटून पालटून. चारही थर एकाच दिशेने टाकले तर नमदा एका बाजूने आटतो आणि दुसऱ्या बाजूने फाटतो. मग चटईत गुंडाळून लाटायचा, दर पन्नास लाटण्यांनंतर उलगडून पाव फेरी फिरवायचा. चकत्या कापून झाल्यावर त्यांच्या कडा पुन्हा साबणपाण्यात चोळाव्या लागतात. नुसती कात्रीने कापलेली कड महिनाभरात पिंजते.

आटण्याचा हिशोब इथे सांगतो, कारण आमच्याकडे शिकायला येणारे जवळजवळ सगळे यात चुकतात. मेरिनो, म्हणजे आम्ही आयात घेतो ती बारीक, मऊ लोकर, आमच्या हातात ३५ टक्के आटते. तयार तुकडा ३० सेंटिमीटरचा हवा तर लोक ३० मध्ये ३५ टक्के मिळवून साडेचाळीस सेंटिमीटरवर लोकर पसरतात. तो आटून २६ चा होतो. आटल्यावर ६५ टक्के उरतं, म्हणून ३० ला ०.६५ ने भागायचं : ४६ सेंटिमीटर. दख्खनी लोकर आमच्याकडे २२ टक्क्यांच्या आसपास आटते, म्हणजे मीटरभर आसनाला १२८ सेंटिमीटर. तरीही नवी गोणी उघडली की आधी २० सेंटिमीटरचा चौकोन करून मोजतो. बाजारात ‘सुपरवॉश’ म्हणून मऊ लोकर मिळते, तिच्या वाटेला जाऊ नये. वॉशिंग मशीनमध्ये आटू नये म्हणून तिचे खवले क्लोरीनने झिजवून वर राळेचा लेप दिलेला असतो. ती दिवसभर चोळली तरी बसत नाही.

अंगावरच्या वस्तूंसाठी आम्ही १९ ते २१ मायक्रॉनची आयात मेरिनो घेतो. मधल्या कामांना, म्हणजे सपाता, पिशव्या आणि टोप्यांचा बाहेरचा थर, यांना बिकानेरच्या बाजारातून येणारी राजस्थानी लोकर चांगली. चोकला जातीची मिळाली तर उत्तम.

डुलांचे आणि माळांचे मणी ही आज आमची सगळ्यात जास्त चालणारी वस्तू. महाराष्ट्रात लोकर अंगावर घालायला वर्षातले फार तर दोन महिने. कानात मात्र ती मे महिन्यातही चालते, कारण २ सेंटिमीटरचा मणी अवघा एक ग्रॅम भरतो. आतला गाभा ०.७ ग्रॅम पांढऱ्या दख्खनी लोकरीचा, वरचं आवरण ०.३ ग्रॅम रंगीत मेरिनोचं. वजन काट्यावर करायचं. अंदाजाने केलेल्या दोन डुलांत फरक लगेच दिसतो. गाभा आधी सुईने टोचून घट्ट करून घ्यायचा, मग मेरिनोचे पातळ पदर दोन दिशांनी गुंडाळायचे, गरम साबणपाण्यात बुडवायचा आणि तळहातांवर फिरवायचा. पहिली दोन-तीन मिनिटं जोर अजिबात नको, लाडू वळताना शेवटी हात फिरवतो तेवढाच. कातडी धरण्याआधी दाबलं की अक्रोडासारख्या घड्या पडतात आणि त्या नंतर जात नाहीत. फेस फार झाला तरी तेच, कारण मणी फिरत नाही, घसरतो. कातडी धरली की जोर वाढवायचा आणि एकदा गरम, एकदा गार पाणी. बोटात दाबल्यावर मणी लिंबासारखा घट्ट लागला की झाला. भोक पाडायचं ते पूर्ण वाळल्यावर. ओल्या मण्यात सुई सहज जाते, पण वाळताना भोक वाकडं होतं. जाड केस गाभ्यातून वर येतातच. मणी वाळल्यावर ते बारीक कात्रीने कापतो.

सुईचा नमदा हे वेगळं काम. त्यात पाणी नाही, साबण नाही. सुईच्या तिकोनी पात्याला खाचा असतात आणि त्या तंतू आत ढकलतात. ढोबळ आकाराला ३६ नंबर, वरच्या सफाईला ३८ किंवा ४०; नंबर वाढतो तशी सुई बारीक. सुई ज्या कोनात आत गेली त्याच कोनात बाहेर काढायची. आत असताना तिरकी केली की टोक मोडतं आणि ब्रोचमध्ये राहतं. म्हणून प्रत्येक ब्रोचवरून चुंबक फिरवल्याशिवाय पिन लावत नाही. पिन शिवतो, चिकटवत नाही. उन्हात ठेवलेल्या गाडीत गरम करून लावलेला गोंद सुटतो.

सपातांना प्लॅस्टिकचा साचा मध्ये ठेवून दोन्ही बाजूंनी लोकर गुंडाळतात. पाऊल २५ सेंटिमीटरचं असेल तर साचा ४० चा, आणि जोडीला एकूण १३० ग्रॅम लोकर. दोन्ही सपाता एकाच वेळी, आलटून पालटून चोळाव्या. एक आज आणि एक उद्या केली तर त्या जोडीच्या होत नाहीत. साच्याच्या कडेवर लोकर सैल राहिली की तिथे कंगोरा उभा राहतो, म्हणून सगळ्यात आधी कडा बसवायच्या. तळाला दोन थर जास्त. नमद्याचा तळ गुळगुळीत लादीवर घसरतो, त्यामुळे रबराच्या चिकाचे दोन हात देतो, आणि तेही सपात दोन दिवस वाळवून. आत ओल असली तर चिकाची पापडी निघून येते.

स्टोल आम्ही सलग नमद्याचा करत नाही. विरळ विणीच्या मलमलीवर मेरिनोचा पातळ थर देतो. या पद्धतीला जगभर नुनो म्हणतात, जपानीत नुनो म्हणजे कापड. तंतू मलमलीच्या विणीतून पलीकडे जातात आणि आटताना कापडाला चुण्या पाडतात. वीण घट्ट असेल तर तंतू आरपार जात नाहीत आणि आठवड्यात लोकर सालासारखी सुटते. मलमल तोंडाला लावून फुंकर घालावी. हवा सहज गेली तर ती चालेल. खळ काढायला ती आधी उकळायलाच हवी. हाताने चोळणं आणि लाटणं मिळून तीन तास जातात, घाई केली की नमदा एकीकडे बसतो, दुसरीकडे नाही.

रंगाचं थोडक्यात. लोकरीच्या वजनाच्या एक ते दोन टक्के आम्लरंग, सोबत व्हिनेगर, आणि पाणी ४५ मिनिटांत हळूहळू ८५-९० अंशांवर. उकळी फुटू द्यायची नाही. देशी रंगांत मंजिष्ठा आणि डाळिंबाची साल हे आमचे भरवशाचे, आधी १० ते १२ टक्के तुरटी देऊन. हळद मागितली तरी देत नाही, उन्हात उडते. लोहाच्या पाण्याने राखाडी छटा सुंदर येते, पण प्रमाण जरा चुकलं की तंतू ठिसूळ होतात.

चोळून झालं की साबण पूर्ण काढायचा आणि शेवटच्या पाच लिटर पाण्यात दोन चमचे व्हिनेगर. साबण राहिलेला नमदा वर्षभरात पिवळा पडतो आणि पावसाळ्यात त्याला वास येतो.

आणि कसर, म्हणजे लोकरीला लागणारी कीड. ग्राहकांच्या तक्रारी मोजल्या तर पहिला नंबर तिचाच. कडुलिंबाची पानं, कापूर, लवंगा यांनी फार तर उडणारी पाखरं दूर राहतात. लोकर खाते ती अळी, आणि ती या वासांना भीत नाही. मळलेली, घामट वस्तू तिला आधी आवडते, म्हणून ठेवण्याआधी धुवावी आणि कडक उन्हात झटकावी. भोकं दिसलीच तर वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझमध्ये दोन आठवडे ठेवावी. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये, नाहीतर थंड लोकरीवर पाणी सुटतं. एक दिवस तशीच राहू द्यावी. भोक पडलेली वस्तू आमच्याकडे पाठवलीत तर त्याच लोकरीचा पुंजका सुईने टोचून भोक बुजवून देतो. प्रत्येक घाण्यातली दहा-वीस ग्रॅम लोकर त्यासाठी चिठ्ठी लावून बाजूला ठेवलेली असते.