पडद्यामागची जागा

गणपतीत आमचं मंडळ एका रात्री सिनेमा दाखवायचं. दोन बांबूंना पांढरं कापड ताणून बांधलं, टेबलावर १६ एमएमचा प्रोजेक्टर ठेवला, की झालं थिएटर. पुढे सतरंज्यांवर बायका, मागे पुरुष उभे. आम्ही पोरं पडद्याच्या पलीकडे. तिथे रेटारेटी नसायची आणि कापडातून चित्र छान दिसायचं, फक्त उलटं. ‘धूमधडाका’ची श्रेयनामावली मी कित्येक वर्षं उजवीकडून डावीकडे वाचली आहे.

१९८५चा तो सिनेमा, महेश कोठारेंचं पहिलं दिग्दर्शन. मंडळाने तो इतक्यांदा आणला, की ‘पुन्हा तोच?’ अशी कुरकुर दरवर्षी व्हायची. कुरकुरणारेच सगळ्यांच्या आधी जागा धरून बसायचे! मला विचाराल तर तो एका वर्षात संपायचाच नाही. लक्ष्मीकांत बेर्डेंनी तोंड उघडलं की हशा उसळायचा आणि पुढची दोन वाक्यं त्यात बुडायची. ती पुढच्या गणपतीत ऐकायला मिळायची.

मध्येच वारा सुटला की कापड फुगायचं आणि शरद तळवलकरांचे गाल आणखी गुबगुबीत व्हायचे. पावसाची सर आली तर कार्यकर्ते आधी प्रोजेक्टरवर छत्री धरायचे, स्वतः भिजायचे. रीळ बदलेपर्यंत बायकांच्या गप्पा रंगायच्या, आणि दिवा लागला की सगळे एका क्षणात गप्प.

मग ‘अशी ही बनवाबनवी’ आला. सिनेमा १९८८चा, आमच्याकडे पोचायला थोडी वर्षं लागली. त्या रात्रीचा हशा वेगळा होता. भाड्याच्या खोलीसाठी वणवण केलेली कितीतरी माणसं समोर बसली होती. सुधीर जोशींचा घरमालक दिसला की हसण्याआधी एक हुंकार उठायचा, ओळखीच्या माणसाला पाहिल्यासारखा. अशोक सराफांची खोलीसाठीची धडपड त्यांना नवी नव्हतीच. आई तर डोळे पुसत हसत होती. कापडाच्या कडेने डोकावून मी पडद्यापेक्षा तिच्याकडेच जास्त पाहिलं.

पुढे तोच सिनेमा टीव्हीवर पाहिला आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, सचिन आणि लक्ष्मीकांतच्या साड्यांचे पदर डाव्या खांद्यावर होते. माझ्या आठवणीत ते कायम उजव्या खांद्यावर आहेत.