पॉम्पेईतलं देवघर

आज इटलीतल्या पॉम्पेई या प्राचीन रोमन शहरात वेत्ती नावाच्या मालकांच्या घरातलं देवघर डोळे भरून पाहिलं. ते दर्शनी दालनात नाही, स्वयंपाकघराजवळच्या छोट्या चौकात आहे. भिंतीत दोन खांबांचं देऊळ आणि आत चित्र. मधोमध टोगा हे रोमन वस्त्र डोक्यावरून घेतलेला जेनियस, म्हणजे घरधन्याचा रक्षक आत्मा, हातात धूपाची पेटी. दोन्ही बाजूंना लारेस, घराचे राखणदार, मद्याची शिंगं उंचावून चक्क नाचताहेत! खाली नैवेद्याकडे सरपटत येणारा तुरेवाला नाग. तो पाहून हात आपसूक जोडले गेले. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं घर, तरी रंग अजून बोलतात. धूप, घासभर अन्न, थोडं मद्य, अशी घरगुती पूजा. फोरमवरच्या, म्हणजे शहराच्या मुख्य चौकातल्या, भल्यामोठ्या देवळांपेक्षा मी इथेच जास्त रमले. इकडे आलात तर हे घर चुकवू नका, दुरुस्तीनंतर २०२३ पासून पुन्हा खुलं झालंय.