आईची खरी तिथी

२०२५ साल कशानं लक्षात राहील असं कुणी विचारलं, तर मी आधी मोडी म्हणेन, म्हणजे मराठी लिहायची जुनी लिपी. लेकीला नोकरी लागली, ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, पुतणीचं लग्न झालं. देवाच्या दयेनं सगळं छान झालं. पण मोडीमुळे आमच्या घरात जे घडलं ते लिहून ठेवायलाच हवं.

आईच्या माहेरी, कऱ्हाडजवळच्या खेड्यात, जुनं घर उतरवताना आजोबांची एक वही निघाली होती. मामांनी ती आईला दिली. पंधरा वर्षं ती कपाटात, पातळांच्या घड्यांखाली. आई अधूनमधून काढायची, पानांवरून हात फिरवायची आणि परत ठेवायची. अण्णांचं, म्हणजे आजोबांचं, अक्षर आहे एवढंच तिला ठाऊक. वही मोडीत, आणि मोडी वाचायला कुणालाच येत नव्हतं.

म्हणून जानेवारीत, त्रेपन्नाव्या वर्षी, मी मोडीच्या ऑनलाइन वर्गाला नाव घातलं. मोडीत आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जायची, होईल तितकं हात न उचलता. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांमध्ये जागा नाही. वाचायचं म्हणजे अर्थ लागेपर्यंत तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत राहायचं. भाजी चिरता चिरता मी ओट्यावर ओल्या बोटानं अक्षरं गिरवायची.

गुढीपाडव्याच्या सुमारास धीर करून वही उघडली. बरीचशी पानं ज्वारी, पेंड, मजुरी, उसनवारी यांची. एका पानावर मात्र हिशेबाच्या मधोमध एक वेगळी ओळ दिसली. ‘शके १८६६ तारणनाम संवत्सरे’ एवढं चटकन लागलं. मग ‘कार्तिक शुद्ध ५’ लागलं. पुढची अक्षरं एकमेकांत गुंतलेली, त्यात शाई फुटलेली. दोन संध्याकाळी त्यावर गेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवताना एकदम उलगडलं, आणि मी गॅस बंद करून वहीकडे धावले. ‘कन्या जाहली. उभयतां खुशाल.’ आणि त्याच्या खालच्या ओळीत, ‘सुईणीस लुगडे १ व गूळ.’

शके १८६६ चा कार्तिक म्हणजे १९४४ ची दिवाळी. चार भावांत आई एकटीच मुलगी, तेव्हा ही कन्या दुसरी कोण असणार! तिच्या शाळेच्या दाखल्यावर तारीख आहे १ जून. तिच्या पिढीतल्या कितीतरी जणांची १ जूनच असते, मास्तरांनी शाळेत नाव घालताना लावलेली. पण आई नेहमी सांगायची, “माझी आई म्हणायची, तू झालीस तेव्हा दिवाळीच्या पणत्या अजून उचलल्या नव्हत्या.” आम्ही ते ऐकायचो आणि १ जूनलाच औक्षण करायचो.

आईला ओळ वाचून दाखवली. तिथीबद्दल ती काही बोलली नाही. म्हणाली, “सुईणीला लुगडं दिलं असं अण्णांनी लिहिलंय? परत वाच बघू.” मी परत वाचलं. “मुलगी झाली तरी दिलं,” ती म्हणाली. आजोबा फार कमी बोलणारे होते. कौतुकाचा एक शब्द त्यांच्या तोंडून आईनं कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी तिनं माझ्याकडून ती ओळ किती वेळा वाचून घेतली, मोजली नाही.

आमच्याकडे सहस्रचंद्रदर्शन ८१ पूर्ण झाल्यावर करतात. दादानं १ जूनसाठी कार्यालय ठरवलं होतं, ते त्यानं एका शब्दावर रद्द केलं. २६ ऑक्टोबरला, कार्तिक शुद्ध पंचमीला, घरासमोर मांडव घातला. दिवाळीची सुट्टी असल्यानं बेंगळुरूचे, नाशिकचे, सगळे हजर. ८१ दिव्यांनी आईला ओवाळलं तेव्हा तिच्या चष्म्याच्या काचांत नुसत्या ज्योतीच दिसत होत्या. तिच्या वजनाची तुला गुळानं करायची हे आईनंच सांगितलं, आणि तो गूळ तिच्या माहेरच्या गावात घरोघर वाटला. मी वहीतली ओळ मोडीत मोठी लिहून चौकट करून दिली. मोडीच्या परीक्षेत मला ७८ गुण मिळाले त्याचाही आनंद झाला, पण खरं प्रमाणपत्र मला ती चौकट वाटते.

डिसेंबरात आईला घेऊन तंजावरला गेलो. वाटेत तमिळनाडूतलाच जिंजीचा किल्ला केला. जुलैत जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी महाराष्ट्राबाहेरचा हा एकटाच. राजाराम महाराजांनी इथून राज्य राखलं, मोगलांचा वेढा जवळजवळ आठ वर्षं झुंजवला. किल्ल्यातल्या राजगिरी डोंगराच्या पायऱ्या मी आणि लेक चढलो. आई खाली चिंचेच्या सावलीत बसली. वर पोचल्यावर लेकीनं माझा हात घट्ट धरला. ते सगळं एकीकडे, आणि दुसऱ्या दिवशीचं तंजावरचं बृहदीश्वराचं देऊळ एकीकडे.

तिथं भिंतीवर तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजे भोसल्यांनी १८०३ मध्ये आपल्या घराण्याचा इतिहास कोरून घेतलाय, मराठीत आणि देवनागरीत. आजूबाजूला सगळी तमिळ, आणि मधे दगडावर आपली अक्षरं! मी मोडी शिकल्याच्या तोऱ्यात पुढे झाले, पण इथं माझी गरज नव्हती. आईनं चष्मा पुसला, भिंतीजवळ गेली आणि स्पर्श न करता हवेत बोट फिरवत एकेक अक्षर लावू लागली. ‘राजे’ सापडलं की थांबायची, आमच्याकडे वळून मोठ्यानं म्हणायची आणि पुन्हा भिंतीकडे वळायची. ऊन चढलं तरी ती काही हलेना.