चष्मा हरवला की ठेवला?

रविवार, रात्र

गोष्ट चार दिवस एका चष्म्यावर अडून बसलीय. खटपटे आजोबांनी हरवलेला चष्मा शोधणारं यंत्र बनवलंय. छताला दोरी, दोरीला भलामोठा लोहचुंबक, तो खोलीभर फिरतो आणि चष्मा उचलून आणतो. पोरांना हसू फुटावं म्हणून मी काय काय केलं! दोन पायांत दोन रंगांचे मोजे, मिशीला ग्रीस, कानामागे पेन्सिल. (गोष्टीतल्या संशोधकाचे केस कधीच विंचरलेले का नसतात, देव जाणे. मीही विस्कटूनच ठेवलेत.) शेजारची चिमी येते, "हे काय आहे आजोबा?" विचारते, की आजोबा पानभर सांगत सुटतात.

आज भाचीला वाचून दाखवलं. आठ वर्षांची. गुडघ्यावरची खपली कुरतडत ऐकत होती. मोज्यांवर हसली नाही. मध्येच म्हणाली, "चष्मा कशाचा आहे?"

"काड्या पितळी आहेत."

उठली, फ्रिजवरचा चुंबक काढून दाराच्या पितळी कुलपाला लावला. पडला. परत लावला, परत पडला. वरच्या पोलादी कडीला मात्र टक्कन चिकटला. "मामा, तुझं यंत्र चालणार नाही." पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, चुंबक त्याला ढुंकूनही विचारत नाही. शाळेत शिकलो होतो की हे!

मग पोलरॉइड कॅमेरावाला अमेरिकन संशोधक एडविन लँड आठवला. १९४३ साली सुट्टीत त्यानं आपल्या तीन वर्षांच्या मुलीचा फोटो काढला. तो लगेच का दिसत नाही, असं तिनं विचारलं. फिल्म धुवावी लागते बाळा, असं सांगून तिला गप्प करता आलं असतं. हा प्रश्न डोक्यात घेऊन फिरायला गेला. मिनिटभरात फोटो देणारा त्याचा कॅमेरा दुकानात आला तो १९४८ च्या नोव्हेंबरात. एका मिनिटाचं उत्तर द्यायला पाच वर्षं!

माझी चिमी विचारते ती आजोबांना बोलायला मिळावं म्हणून. चावीचं बाहुलं नुसतं. तिच्या प्रश्नानं त्यांचं एकदाही काही अडत नाही. पानभर भाषण खोडलं. मोजेही गेले. केस राहू दिले, जीव झाला नाही.

आता चिमी विचारते, "चुंबक पितळ उचलतो?" आजोबा "म्हणजे काय!" म्हणून बटण दाबतात. यंत्र खिळे, टाचण्या, कात्री, डब्याचं झाकण, सगळं गोळा करून आणतं. चष्मा आहे तिथेच.

पुढे सुचेना. भाचीनं केसांतली पिन काढली, माझ्या चष्म्याच्या काडीत अडकवली आणि चुंबक टेकवला. चष्मा क्षणभर लोंबकळला.

"जमलं की!" मी म्हणालो.

"पण मामा, यंत्राला कळणार कसं, चष्मा हरवलाय की आजोबांनी ठेवलाय?"

एवढं विचारून ती झोपायला गेली. साडेबारा वाजलेत, मी अजून जागाच आहे.