डिस्प्ले २१.२ दाखवतोय, टाकी १९ सांगतेय

गाडी : १.५ लीटर टर्बो डिझेल, कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाखालच्या नळीतून डिझेल मिळतं, ती नळी म्हणजे रेल). आतापर्यंतचे बदल : टायर १८५/६५ आर १५ वरून १९५/६५ आर १५, आणि ताकद वाढवण्यासाठी रेल प्रेशर सेन्सरच्या वायरीत लावायचा ट्यूनिंग बॉक्स. गेल्या पाच-साडेपाच हजार किलोमीटरच्या नोंदी एकत्र मांडतोय, कारण बॉक्स लावल्यावर ॲव्हरेज वाढलं असं मी दोघा-तिघांना सांगून बसलो होतो. ते चुकीचं होतं.

ओडोमीटर ४१,३००. टायर बदलले.

त्याआधी जुन्या टायरवरचे आकडे हाताशी होते : डिस्प्लेवर सरासरी लीटरला २०.६ किमी, टाकी फुल करून काढलेलं ॲव्हरेज १९.६. म्हणजे गाडी कंपनीतून आली तशी असतानाही डिस्प्ले पाच टक्के जास्तच दाखवायचा. असं बऱ्याच गाड्यांत असतं. त्याचं कारण सरळ आहे. डिझेल मोजणारं मीटर गाडीत नसतंच. इंजेक्टर किती वेळ उघडायचा आणि रेलमध्ये दाब किती आहे, यावरून ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) प्रत्येक फवाऱ्यात किती डिझेल गेलं असेल याचा हिशोब करतो. चाकाच्या फेऱ्यांवरून अंतर काढतो. एकाला दुसऱ्याने भागलं की आपल्याला तो आकडा दिसतो. डिस्प्लेवर येतो तो ईसीयूचा समज, मोजमाप नव्हे.

नवे टायर बसल्यावर डिस्प्ले २०.२ वर आला. रुंद टायरने ॲव्हरेज खाल्लं असं वाटलं. टाकीचा हिशोबही तेच म्हणत होता : १,९९६ किमी, १०४ लीटर, म्हणजे १९.२. दोन्हीकडून तेच उत्तर आलं की माणूस विश्वास ठेवतो. पण दोन्हीकडचं अंतर एकाच ओडोमीटरवरून घेतलेलं होतं, हे लक्षातच आलं नव्हतं.

१८५/६५ चा व्यास ६२१.५ मिमी, १९५/६५ चा ६३४.५. चाक सुमारे दोन टक्क्यांनी मोठं झालं, म्हणजे एका फेरीत गाडी तेवढी जास्त पुढे जाते. ईसीयूला ते माहीत नाही. तो जुन्याच घेराने फेऱ्या मोजत राहतो. हायवेवर किलोमीटरच्या दगडांवरून ५० किमी धरून पाहिले : जुन्या टायरवर ट्रिप मीटर ५०.१ दाखवायचा, नव्यावर ४९.०. व्यासाच्या हिशोबापेक्षा फरक किंचित जास्त आला, कारण जुने टायर झिजलेले होते. नवा टायर ८ मिमी नक्षीचा आणि झिजून १.६ वर आलेला, यांच्या व्यासात जवळपास १३ मिमीचा फरक पडतो, तोही दोन टक्क्यांच्या आसपास. म्हणून टायर न बदलतासुद्धा ओडोमीटर हळूहळू सरकत असतो.

आता अंतराला ५०/४९ ने गुणलं, तर खरं ॲव्हरेज १९.६. जुन्या टायरवर होतं तेवढंच! टायरने काहीच खाल्लं नव्हतं, किलोमीटर कमी मोजले जात होते.

ओडोमीटर ४३,३५०. बॉक्स बसवला.

कपलर काढला, बॉक्स मध्ये घातला, दहा मिनिटांचं काम. पिकअप लगेच जाणवला. खालच्या आरपीएमवर गाडी ज्या चढाला गिअर मागायची, तिथे आता तिसऱ्यातच निघते. आणि डिस्प्ले वर चढत चढत २१.२ वर स्थिरावला. ताकदही वाढली आणि ॲव्हरेजही, यापेक्षा काय हवं?

पाच टाक्यांनंतर वहीतली बेरीज केली : २,४१८ किमी, १२९.६ लीटर. १८.६६. टायरची दुरुस्ती धरून १९.०४. म्हणजे डिस्प्लेवर एक किलोमीटर वाढला आणि प्रत्यक्षात अर्धा किलोमीटर कमी झाला.

यामागचं काम नीट समजून घेण्यासारखं आहे. बॉक्स ईसीयूला रेलमधला दाब आहे त्यापेक्षा कमी असल्याचं कळवतो. ईसीयू दाब वाढवतो, त्याच्या समजुतीप्रमाणे तो जागेवर येतो, प्रत्यक्षात मात्र तो त्याहून वर असतो. इंजेक्टर तेवढाच वेळ उघडतो, पण जास्त दाबामुळे डिझेल जास्त जातं. ईसीयूच्या वहीत मात्र जुनंच प्रमाण लिहिलं जातं. पुढे आणखी एक गोष्ट घडते : ताकद जास्त मिळते म्हणून आपण त्याच वेगाला पॅडल कमी दाबतो, ईसीयूकडे मागणी कमी जाते, आणि डिस्प्लेवर ॲव्हरेज आणखी छान दिसतं. डिस्प्लेने यात काही चूक केलेली नाही. त्याला जे सांगितलं गेलं त्याचा हिशोब त्याने बरोबर केला.

मला आवडलेला भाग हा की या फसवणुकीचं माप काढता येतं. डिस्प्लेचा आकडा भागिले टाकीचा आकडा, दोन्ही ओडोमीटरवरचेच घ्यायचे. असं केलं की टायरची चूक वर-खाली छेद जाऊन निघून जाते. बॉक्सच्या आधी : २०.२ भागिले १९.२, म्हणजे १.०५. बॉक्सनंतर : २१.२ भागिले १८.६६, म्हणजे १.१४. दोन्हींमध्ये आठ टक्क्यांचं अंतर आहे. ईसीयूला न कळता जाणारं डिझेल साधारण तेवढं. इंजेक्टरमधून जाणारं प्रमाण दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं, म्हणून उलटा वर्ग केला : १.०८ चा वर्ग १.१७. म्हणजे रेलमधला दाब सरासरीने १६-१७ टक्के जास्त असणार. बॉक्स प्रत्येक लोडला सारखं काम करत नाही, तेव्हा हा आकडा ढोबळच धरा. पण एक वही आणि पंपाच्या पावत्या यांवरून रेलच्या आतल्या दाबाचा अंदाज लागतो, याचा मला फार आनंद झाला.

आनंद एका बाजूला, काळजी दुसऱ्या बाजूला. ज्या सेन्सरवरून ईसीयू डिझेल मोजतो, त्याच सेन्सरवरून तो दाबाची मर्यादाही सांभाळतो. तिथेही तो १७ टक्क्यांनी अंधारात आहे.

ओडोमीटर ४५,८००. बॉक्स काढून ताळा.

दोन टाक्या बॉक्सशिवाय : ९८२ किमी, ५०.९ लीटर, १९.३. डिस्प्ले २०.३. गुणोत्तर पुन्हा १.०५. एवढं नेमकं जागेवर येईल असं वाटलं नव्हतं.

टाकीच्या पद्धतीबद्दल. दर वेळी तोच पंप, तेच नोझल, पहिल्या कटला (नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की) थांबायचं. तरी एखादा लीटर इकडे-तिकडे होतोच. २६ लीटरच्या एका भरणीत एक लीटर म्हणजे चार टक्के, पण पाच भरण्यांच्या बेरजेत एक टक्क्याहूनही कमी, कारण चूक फक्त पहिल्या आणि शेवटच्या फुल टाकीची उरते. आणि प्रत्येक टाकीचं ॲव्हरेज काढून त्यांची सरासरी घेऊ नका. एकूण किलोमीटर भागिले एकूण लीटर, एवढंच.

ओबीडी ॲपने (गाडीच्या सॉकेटमधून ईसीयूचे आकडे वाचणाऱ्या मोबाइल ॲपने) सुटका होईल असं वाटत असेल तर थांबा. बरीच ॲप्स हवेच्या वजनाला १४.७ ने भागून पेट्रोल काढतात. डिझेलमध्ये हवा-इंधनाचं असं ठरलेलं प्रमाणच नसतं, हलक्या लोडला हवा कितीतरी जास्त असते, त्यामुळे माझ्याकडे ॲपचा आकडा निरुपयोगी निघाला. पेट्रोलमध्येही इथेनॉल मिसळलेलं असलं की ते प्रमाण १४.७ च्या खाली येतं. मोठ्या व्यासाचा इनटेक पाइप लावून जुनाच हवेचा सेन्सर त्यात बसवला तर तो हवा कमी मोजतो. ईसीयू ऑक्सिजन सेन्सर पाहून चूक भरून काढतो, पण ॲप ही दुरुस्ती (फ्युएल ट्रिम) हिशोबात घेत नसेल तर त्याला ते कळणार नाही.

पेट्रोलवाल्या मित्राने मोठे इंजेक्टर बसवले आहेत. ट्यूनरने ईसीयूत नव्या इंजेक्टरचा खरा प्रवाह भरला असेल तर त्याचा डिस्प्ले ठीक राहील. हवेचा आकडा खाली ओढून मिश्रण जुळवलं असेल तर नाही. नुसता फ्युएल प्रेशर ३ बारवरून ४ बार केला तरी १५ टक्के जास्त पेट्रोल जातं. सीएनजी किट बसवलेल्या गाड्यांत तर पेट्रोल इंजेक्टर बंद असतात आणि ईसीयूला ते चालू असल्याचा सिग्नल दिला जातो. तिथे डिस्प्ले न जळलेल्या पेट्रोलचं ॲव्हरेज दाखवतो.

बॉक्स आता कपाटात आहे. पुढचा टप्पा रिमॅप, म्हणजे ईसीयूतलाच प्रोग्रॅम बदलणं. ईसीयूला दाबाचे खरे आकडे कळत राहिले तर गुणोत्तर १.०५ च्या जवळ राहायला हवं. रिमॅपनंतरच्या पाच टाक्यांच्या नोंदी त्याच वहीत करणार आहे.