शब्द मोठा चंट

वानखेडेवर नोव्हेंबर २०१३ मध्ये ‘सच्चीऽऽन, सच्चिन!’ असा जो गजर झाला, त्याला इंग्रजीत चँट म्हणतात. चर्चमध्ये वाद्यांची साथ न घेता संथ सुरात आळवतात ती प्रार्थनाही चँट, आणि मोर्चातल्या घोषणाही चँटच.

मूळ लॅटिन ‘कान्तारे’, म्हणजे गाणं. तिथून फ्रेंचमार्गे स्वारी इंग्रजीत आली. इथवर सगळं सरळ आहे. पण हा शब्द आपल्या मराठी अर्थानेही चंट निघाला. वेश बदलून कुठे कुठे जाऊन बसलाय! ‘अ‍ॅक्सेंट’ म्हणजे मुळात बोलण्याला जोडलेलं गाणं. अमेरिकेहून सुट्टीवर आलेला भाचा ‘वॉडर’ मागतो, तेव्हा तो गातच असतो म्हणायचा. मार्चअखेरीला सगळं ऑफिस ज्याच्याकडे डोळे लावून बसतं, त्या ‘इन्सेन्टिव्ह’चा लॅटिन अर्थ सूर लावून देणारा. भजनात बुवा पहिली ओळ उचलून देतात आणि मग टाळकरी तुटून पडतात, तसं. आमच्याकडे बुवा मोजकंच देतात, तुटून मात्र सगळ्यांनी पडायचं!

‘रिकँट’ म्हणजे गायलेलं मागे घेणं. स्टेसिकोरस नावाच्या ग्रीक कवीने, जिच्यापायी ट्रॉयचं युद्ध पेटलं म्हणतात त्या हेलनची निंदा केली आणि त्याची दृष्टी गेली. मग ‘तू ट्रॉयला गेलीच नव्हतीस’ अशी उलटी कविता रचली, तेव्हा दृष्टी परत आली, अशी कथा प्लेटोने सांगितली आहे. आपले पुढारी ‘वक्तव्याचा विपर्यास झाला’ म्हणून मोकळे होतात. डोळे शाबूत.

कोंबडीला म्हणतात ती ‘हेन’सुद्धा याच घराण्यातली. जुन्या इंग्रजीत ‘हना’ म्हणजे कोंबडा, पहाटेचा गवई. त्याच्या नावावरून हिचं नाव पडलं. अंडी घालायची हिने आणि नाव मात्र त्याच्या गळ्याचं.

या खानदानाची एक पाती पोर्तुगीजांबरोबर गोव्यातही उतरली. तियात्र या तिथल्या कोकणी नाट्यप्रकारात दोन प्रवेशांच्या मध्ये गायक पडद्यापुढे येऊन जे गाणं म्हणतो, ते ‘कांतार’. त्याचा नाटकाच्या कथेशी संबंध असलाच पाहिजे असं नाही. सरकार, खाणी, महागाई, कुणाचीही बिनपाण्याने होते, आणि प्रेक्षक ते पुन्हा म्हणायला लावतात.